तुम्ही विचारलंत म्हणून: चालू वायरिंग का बदलले?

कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतले जुने घर विकत घेऊन आम्हाला आठ महिने झाले आणि या काळात घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आहे: "सगळं चालू होतं की ओ, मग भिंती कशाला फोडल्या?" दिवे लागत होते, पंखे फिरत होते, हे खरेच आहे. तरीही पहिला खर्च रंगावर न करता वायरिंगवर का केला, ते एकदा नीट सांगतो.

आधीच्या मालकांनी सामान नेले तेव्हा मोरीजवळ, वॉशिंग मशीनच्या जागेपुढे, एक लाकडी पाट तसाच राहिला होता. विसरला असेल असे समजून मी तो बाजूला ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी गीझर चालू असताना आईने अनवाणी उभी राहून, ओल्या हाताने मशीनचे झाकण उघडले आणि तिच्या हाताला झिणझिण्या आल्या. मालकांना फोन केला, तर ते अगदी सहज म्हणाले, "पाटावर उभं राहायचं, काही होत नाही."

त्याच संध्याकाळी मी परवानाधारक वायरमन बोलावला. त्यांनी मशीनचा सॉकेट उघडला, तेव्हा अर्थिंगची, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी, हिरवी वायर तिथे नव्हतीच. अर्थच्या स्क्रूपासून न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरच्या, स्क्रूपर्यंत दोन इंचांचा काळ्या वायरचा तुकडा तेवढा जोडलेला होता. फेज (वीज आणणारी वायर) आणि अर्थ यांमध्ये त्यांनी टेस्ट लॅम्प, म्हणजे तपासणीचा दिवा, धरला तर तो लख्ख पेटला, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला अर्थिंग उत्तम आहे असेच वाटले असते. मग घरातली सगळी उपकरणे बंद करून त्यांनी मीटरजवळच्या फळीवरचा न्यूट्रलचा चिनी मातीचा किटकॅट फ्यूज उपसला आणि तोच दिवा पुन्हा धरला, तेव्हा तो पेटला नाही. खरे अर्थिंग असते तर न्यूट्रल काढल्यावरही दिवा पेटायला हवा होता.

याचा अर्थ मला समजला तेव्हा अंगावर काटा आला. त्या फ्यूजची पकड काळी पडून ढिली झाली होती, त्यामुळे गीझरसारखा मोठा लोड पडला की न्यूट्रलवर व्होल्टेज चढत असे आणि त्या दोन इंचांच्या तुकड्यातून थेट मशीनच्या पत्र्यावर येत असे. झिणझिण्या त्याच्याच. न्यूट्रलचा फ्यूज पूर्ण उडाला असता, तर चालू मशीनच्या पत्र्यावर २३० व्होल्ट आले असते, आणि घरात अंधार झाल्यामुळे वीज गेली असे समजून आम्ही निर्धास्तपणे त्याला हात लावला असता. न्यूट्रलवर स्वतंत्र फ्यूज नसावा, हा नियम याचसाठी आहे.

पकड काळी का पडली, याचे उत्तर भिंतीत होते. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा या घरात पाणी होते. खालच्या सॉकेटचा पत्र्याचा डबा काढला तर तळाशी बोटभर वाळलेला गाळ निघाला, पिठासारखा मऊ, आणि त्यात वायरींची टोके हिरवट होऊन बसली होती. वायरींचे इन्सुलेशन (वरचे आवरण) किती शाबूत आहे ते मोजणारे यंत्र म्हणजे मेगर; तो किमान १ मेगाओहम दाखवायला हवा; तळमजल्यावर तो त्याच्या जवळपासही आला नाही. अशा वायरी पाइपमध्ये ठेवून वरून नवे स्विच बसवणे मला फसवणूक वाटली, आणि म्हणून भिंती फोडल्या.

परसात कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला, मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) बसवली, गीझरला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर ओढली. तळमजल्याचे सॉकेट पुराच्या खुणेच्या वर घेतले आणि माडीचे सर्किट वेगळे केले, म्हणजे पाणी चढू लागले तर खालची वीज तोडून वर दिवा चालू ठेवता येईल.

माडीचे वायरिंग नंतरचे आणि सुके होते म्हणून ठेवले, तर आरसीसीबी दिवसातून चार वेळा आपोआप पडू, म्हणजे बंद होऊ, लागली. एका ओळखीच्या माणसाने ती काढून टाकण्याचा सल्ला दिला. अनेक घरांत हेच होते आणि जीव वाचवणारी वस्तू खोडी करते म्हणून काढली जाते. आम्ही दोन दिवस एकेक बोर्ड उघडत गेलो. देवघरामागच्या सॉकेटमध्ये तसाच काळा तुकडा सापडला; त्यातून न्यूट्रलची वीज अर्थिंगमध्ये जात होती आणि आरसीसीबीला ती गळती वाटत होती. तो काढल्यापासून ती विनाकारण पडलेली नाही. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिचे टेस्टचे बटण दाबून पाहतो.

हे सगळे मी आधीच्या मालकांनाही फोन करून सांगितले, कारण त्या घरात त्यांची मुले वाढली होती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की नव्या घरातही मशीनला हात लावला की झिणझिणते, तिथेही त्यांनी पाट ठेवला आहे. येत्या रविवारी वायरमनना घेऊन मी त्यांच्याकडे जाणार आहे.