पुन्हा उमटलेला निळा डाग

जुहूच्या हँगरमध्ये तपासणीसाठी आलेल्या, दोन पिस्टन इंजिनांच्या एका जुन्या विमानाच्या उजव्या पंखाखाली निळा डाग उमटला होता. या विमानांचे पेट्रोल रंगाने निळे असते आणि पेट्रोलची वाफ होऊन गेली तरी रंग मागे राहतो. लॉगबुक चाळले, तेव्हा त्याच जागी सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लावून ‘गळती बंद’ अशी नोंद याआधीही झालेली आढळली. मालकांचा प्रतिनिधी घाईत होता. “साहेब, थोडे सीलंट लावून सही करा, दुपारी पाहुण्यांना शिर्डीला न्यायचे आहे,” असे तो म्हणाला.

मला चॉक्स ओशन एअरवेज आठवली. आर्थर चॉक यांनी 1917 साली मायामीत सुरू केलेली ही लहानशी कंपनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांतून बहामातील बिमिनी बेटापर्यंत प्रवासी नेत असे. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात दारूची चोरटी ने-आण करणारे आणि त्यांना पकडणारे, असे दोघेही तिच्या विमानांतून जात, असे सांगतात. इतक्या वर्षांत तिचा एकही प्रवासी अपघातात दगावला नव्हता. मात्र 19 डिसेंबर 2005 रोजी मायामीहून बिमिनीकडे झेपावलेल्या, 1947 साली बांधलेल्या ग्रुमन मॅलार्ड विमानाचा उजवा पंख काही क्षणांतच तुटला आणि विमानातील वीसही जण मृत्युमुखी पडले. पंखात धातूच्या थकव्याने, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने, तडे गेले होते. त्या भागातून इंधन वारंवार गळत असूनही कंपनीच्या देखभाल व्यवस्थेला ते तडे ओळखून नीट दुरुस्त करता आले नाहीत, आणि देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्याही ही त्रुटी लक्षात आली नाही. 2007 मध्ये कंपनीचा परवाना गेला.

मी सही नाकारली. पंखातली इंधनाची टाकी रिकामी करून आतले जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने, धातूवर ओरखडा न उमटू देता, खरवडून काढायला दिवस गेला. आमचा शिकाऊ मुलगा कंटाळला होता, पण थर निघाल्यावर त्यानेच दोन सैल रिव्हेट दाखवले. त्यांच्याभोवती पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज, साठली होती. धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून डोळ्यांना न दिसणारे तडे शोधणाऱ्या एडी करंट तपासणीत मात्र तडा सापडला नाही. प्रतिनिधीचा चेहरा ‘उगाच एवढा खटाटोप’ असे सांगत होता.

दोन्ही पंखांवर भार सारखाच येतो, म्हणून डावा पंखही त्याच जागी तपासायचे ठरवले. तिथे कधीच गळती झाली नव्हती. परंतु एका रिव्हेटच्या छिद्राच्या कडेपासून निघालेला केसाएवढा तडा एडी करंटने तिथेच दाखवला. प्रतिनिधीने पाहुण्यांसाठी गाडी मागवली, आणि मी लॉगबुकात विमान उड्डाणास अयोग्य असल्याची नोंद करून सही केली.