जावक क्रमांकात अडकलेला अजिंठा

भुसावळला मेजर रॉबर्ट गिलची कबर आहे. अजिंठ्यात वर्षानुवर्षं बसून त्याने केलेल्या भित्तिचित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत आले आणि ते काम १८९६-९७ मध्ये दोन थोराड खंडांत छापलं गेलं. दुसरा खंड खास अलंकरणाचा. मी शाळेत इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना संकल्पचित्र शिकवतो, म्हणून मला तो मूळ छपाईत बघायचा होता.

मुंबईतल्या एका कलासंग्रहालयाच्या ग्रंथालयाला फोन केला. मॅडम म्हणाल्या, खंड आहेत, इथेच बसून बघा, फक्त संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणा. तारीखही दिली.

पत्र मीच टाइप करून नेलं. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, हे शाळेचं काम की तुमचं?" शाळेचं म्हटलं तर संस्थेची परवानगी लागणार, माझं म्हटलं तर लेटरहेड नाही. संस्थेच्या कार्यालयात क्लार्कभाऊंनी विचारलं, "किरकोळ रजा टाकली का?" टाकली होती. "मग ऑन ड्युटी कसं लिहिलं?" लिहिलंच नव्हतं! त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि ट्रेमध्ये पार तळाला, वेतनेतर अनुदानाच्या फायलीखाली सरकवलं. सही झाली तर शिक्का सापडेना. शिक्का सापडला तर जावक रजिस्टर कपाटात, आणि चावी ज्यांच्याकडे ते पाचोऱ्याला लग्नाला. मॅडमनी दिलेली तारीख उलटली. शेवटी रजिस्टरची नवी पानं मीच पट्टीने आखून दिली, तेव्हा कुठे क्रमांक पडला.

तेव्हा आधी जावक क्रमांक, मग रेल्वेचं रिझर्व्हेशन. आणि पत्रात 'संस्थेवर कोणताही आर्थिक भार नाही' हे वाक्य टाकाच, माझी सही त्याच्यावरच सुटली.

ग्रंथालयात कुणी काही अडवलं नाही. बॅग बाहेर ठेवावी लागते, पेन चालत नाही. पेन्सिल आणि शार्पनर खिशात ठेवा. पान उलटायला दोन्ही हात लागतात. छताच्या एका चौकटीत कमळाच्या देठाला वळसा घालून हंस मागे बघतोय. तेवढाच उतरवायला मला जेवणाची वेळ टळली. हो, फोटोसाठी वेगळा अर्ज असतो, तो आधीच मागून घ्या.

निघताना संग्रहालयाच्याच शिक्षण विभागात डोकावलो. मुलांना घेऊन या, दालनं आम्ही समजावून सांगू, म्हणाले. फक्त शाळेचं पत्र पाठवा. क्लार्कभाऊंना अजून सांगितलेलं नाही.