खोटं आणि खोटं-खोटं

चौथीत असताना मी 'माझा भाऊ' या विषयावर दीड पान निबंध लिहिला. मला भाऊ नाही. बहीणही नाही. फळ्यावर दोनच विषय होते, दुसरा 'माझी बहीण'. एकुलत्या एका पोरीनं काय लिहायचं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग मी एक दादा तयार केला. तो सातवीत होता, एका हातानं सायकल चालवायचा, त्याच्या हनुवटीवर वण होता, आणि अंधाराला तो माझ्यापेक्षा जास्त घाबरायचा, पण हे कुणाला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. (निबंधात सांगूनच टाकलं, ते सोडा.)

वही परत आली ती लाल शाईतला शेरा घेऊन : 'खोटे लिहू नये. पालकांची सही आणणे.'

आईनं निबंध वाचला. सही केली. वही मिटता मिटता विचारलं, "वण कशानं आला गं त्याला?"

हे मी ठरवलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून ठरवलं. जिन्याच्या कठड्यावरून घसरताना पडला. आई म्हणाली तीन टाके, मी म्हटलं पाच. चारवर तडजोड झाली. पुढे कित्येक वर्षं बाथरूमचा दिवा चालू राहिला की आई म्हणायची, "दादा दिसतोय आत."

मोठी होऊन मी हिशेब तपासनीस झाले. बिल दाखवा, पावती दाखवा, ही सही कुणाची, असं विचारण्यात तीसेक वर्षं गेली. तेव्हा खोटं म्हणजे काय हे मला बऱ्यापैकी कळतं. खोटी पावती नेहमी जरा जास्तच स्वच्छ असते. आणि म्हणूनच तो लाल शेरा मला अजून मान्य नाही. माझा निबंध खोटा नव्हता, खोटा-खोटा होता. हा शब्द एकदा म्हटला की आरोप होतो, दोनदा म्हटला की खेळ. हे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. 'खोटं बोलतोस?' म्हणा, ते रडतं. 'खोटं-खोटं रडायचं का?' म्हणा, ते हसायला लागतं.

हल्ली माझा साडेतीन वर्षांचा नातू मला रोज कामाला लावतो. त्याची आज्ञा अशी असते : "आजी, तू वाघ असतेस. मी डॉक्टर असतो. तुझा दात दुखत असतो." नीट ऐका, तो 'तू वाघ आहेस' म्हणत नाही. 'असतेस' म्हणतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. 'आहे' हे क्रियापद त्यानं खऱ्या जगासाठी राखून ठेवलंय. आजी सोफ्यावर आहे, पण वाघ असतो. खेळाच्या मध्यात शू लागली तर 'टाइमप्लीज' म्हणून तो बाहेर पडतो, जाऊन येतो आणि जिथं सोडलं तिथून पुढे सुरू. कुंपण कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपणच उगाच काळजी करतो, की पोर हरवेल त्यात.

इतर भाषांतली मुलंही असंच काहीतरी करतात. खेळातल्या भूमिका वाटून घेताना इटालियन मुलं भूतकाळ वापरतात, 'मी राजा होतो' या थाटात. डच मुलंही तसंच बोलतात. फ्रेंच मुलं जर-तरचं रूप वापरतात. म्हणजे जे नाही त्याबद्दल बोलायला प्रत्येकानं व्याकरणातच एक कोपरा करून घेतलाय. गोष्टींचंही तेच. फारसीत गोष्ट सुरू होते ती 'यकी बूद, यकी नबूद' अशी : एक होता, एक नव्हता. तुर्कीत 'बिर वारमिश, बिर योकमुश' : एक होतं म्हणे, एक नव्हतं म्हणे. तुर्की क्रियापदाला हे 'म्हणे' शेपटीसारखं चिकटूनच येतं, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. आपलं आटपाट नगर इतकं उघडपणे 'नव्हतं' म्हणत नाही, पण ते नकाशात शोधायला कुणी जात नाही.

होतं आणि नव्हतं, दोन्ही एकाच वेळी डोक्यात धरायचं, हे वाटतं तितकं सोपं काम नाही. अॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञांनी दोनेक वर्षांच्या मुलांबरोबर एक साधासा प्रयोग केला. दोन रिकामे कप. दोन्हींत लुटुपुटीचं काहीतरी ओतलं. मग एक कप उचलून उपडा केला, झटकला, परत ठेवला. आता रिकामा कोणता? मुलांनी बरोबर उपडा केलेला कप दाखवला. वास्तविक दोन्ही कप पहिल्यापासून कोरडे ठणठणीत होते! माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्या पोरांनी दोन खतावण्या शेजारी शेजारी लिहिल्या आणि एकीतली नोंद दुसरीत जाऊ दिली नाही. हे न जमलेली मोठी माणसं मी बरीच तपासली आहेत.

माझ्या दादाबद्दलही मला उशिरा का होईना दिलासा मिळाला. ओरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांची होईतो सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होता. शिवाय त्याच्याबद्दल गंभीरपणे प्रश्न विचारणाऱ्या संशोधकांनाच काही मुलं मध्ये थांबवून सांगायची, की तो खरा नाही हं. म्हणजे काळजी पोरांनाच, या मोठ्या बाईंची.

आणि वायगॉट्स्की. या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ साली खेळावर एक व्याख्यान दिलं. त्यात त्यानं दुसऱ्या एकाच्या निरीक्षणातल्या दोन सख्ख्या बहिणी आणल्या, एक पाच वर्षांची, एक सात. त्या एकदा म्हणाल्या, चला, आपण बहिणी-बहिणी खेळू. होत्याच की बहिणी! पण एरवी नुसत्या एका घरात राहायच्या, भांडायच्या. खेळायला लागल्या तेव्हा बहिणीनं कसं वागायचं हे त्यांना प्रथमच ठरवावं लागलं. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले होते. भाऊ म्हणजे काय ते मीही असंच शिकले, नसलेल्या भावाकडून. त्याची भीती मी कुणाला सांगायची नव्हती.

इथं कुणीतरी हटकून विचारतं, की ठीक आहे, पण याचा उपयोग काय? मग गोष्टींनी शब्दसंग्रह वाढतो, सहानुभूती वाढते, बुद्धी तल्लख होते अशी यादी निघते. या यादीवर मी सही करणार नाही. ललित साहित्यातला उतारा वाचला की दुसऱ्याच्या मनातलं लगेच जास्त चांगलं ओळखता येतं, असा एक निष्कर्ष २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि खूप गाजला. नंतर इतरांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्याच वर्षी अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी खोट्या-खोट्या खेळांवरचे तोवरचे अभ्यास तपासले. या खेळांमुळेच मुलांचा विकास होतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. उत्तम. मला तर हायसं वाटलं. खेळाला पावती चिकटवायची सवय तरी जाईल. मुलांच्या गोष्टीखाली चौकटीत 'तात्पर्य' छापणाऱ्यांची मात्र कधीच जाणार नाही. ती चौकट आली की नातू पान उलटतो. मीही उलटते.

उपयोगाचा विषय निघाला की मला सिंहमानव आठवतो. २५ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत मॅमथच्या सुळ्याचे तुकडे सापडले. आठवडाभरात महायुद्ध सुरू झालं, खोदकाम थांबलं, तुकडे खोक्यात पडून राहिले. १९६९ मध्ये कुणीतरी ते जुळवायला घेतले आणि पुढच्या काही दशकांत त्यातून निघाली ३१ सेंटिमीटर उंचीची एक आकृती. धड माणसाचं, डोकं सिंहाचं. वय सुमारे ४०,००० वर्षं. आज ती उल्मच्या संग्रहालयात आहे. तशीच मूर्ती दगडी हत्यारांनी कोरून पाहिली तर साडेतीनशे तासांहून जास्त वेळ लागतो असं दिसलं.

सवयीनं मी हिशेब मांडला. रोज आठ तास धरले तरी चव्वेचाळीस दिवस. हिमयुग, बाहेर कडाका, शिकार मिळेल न मिळेल, आणि टोळीतला एक धडधाकट माणूस दीड महिना बसून जे कुणी कधी पाहिलेलं नाही ते कोरतोय. तेवढ्या काळात त्याला बाकीच्यांनी खाऊ घातलं असणार, शेकोटीजवळची जागा दिली असणार. माझ्या टेबलावर हा खर्च आला असता तर मी लाल शाईनं काय लिहिलं असतं, याची मला चांगलीच कल्पना आहे. त्या टोळीत माझ्यासारखं कुणी नव्हतं, किंवा होतं आणि त्याच्या शेजारी माझ्या आईसारखं कुणीतरी बसलं होतं, "सिंहाला कान कसे करणार रे?" असं विचारत.

काल वाघाचा दात काढताना इंजेक्शन जरा जास्त झालं, त्यामुळे मी मेले. सतरंजीवर जीभ बाहेर काढून पडले होते, तेवढ्यात दारावरची बेल वाजली. टाइमप्लीज घेऊन उठले, कुरिअरवाल्याच्या यंत्रावर बोटानं सही केली, पाकीट टेबलावर ठेवलं आणि वाटलं, आता जरा पाठ टेकावी पलंगावर.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "तू अजून मेलेली असतेस."

गेले मग परत सतरंजीवर.