न्यूयॉर्कचं तिकीट आणि आपला एबी फॉर्म

न्यूयॉर्कचा महापौर झालेल्या झोहरान ममदानीवर लिहायचं लिहायचं म्हणून राहूनच गेलं, मध्येच आपल्या नाशिक महापालिकेची निवडणूक आली, ती पण उरकली, आणि आता दोन्ही गोष्टी डोक्यात अशा काही गुंतल्यात की वेगवेगळ्या लिहिताच येत नाहीयेत. म्हणून एकत्रच लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर या माणसावरून महिनाभर भांडण चाललं होतं. तो सिनेमा दिग्दर्शक मीरा नायरचा मुलगा, तो मुसलमान, तो समाजवादी, बस फुकट देतो म्हणतो मग पैसे कुठून आणणार, सगळं यावरच. मला त्याचं सगळंच पटतं असं अजिबात नाही. फुकट बसचं म्हणाल तर आपली सिटीलिंक बससेवा संपावर गेली की नाशिकरोडवरून सातपूरला कामावर जाणाऱ्या बाईचे काय हाल होतात ते आपण बघितलंय, तिला विचारलं तर ती म्हणेल पैसे घ्या पण बस येऊ द्या. पण हा वाद बाजूला ठेवा. मला त्यात जे महत्त्वाचं वाटतं त्यावर कोणी बोललंच नाही. पक्षातल्या मोठ्या लोकांना जो माणूस नको होता तोच त्या पक्षाचा अधिकृत उमेदवार झाला कसा?

कारण समोर कोण होतं बघा. अँड्र्यू कुओमो. न्यूयॉर्क राज्याचे तीन वेळा निवडून आलेले गव्हर्नर, वडील मारिओ कुओमो तेही तीन वेळा गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडे ज्याला घराणं म्हणतात ते अगदी. २०२१ ला महिलांशी गैरवर्तनाच्या आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागला (त्यांनी आरोप नाकारले), तरी चार वर्षांनी महापौरपदाला उभे राहिले तर बिल क्लिंटन पाठीशी, मोठ्या युनियन पाठीशी, आणि त्यांच्यासाठी बाहेरून खर्च करणाऱ्या गटाकडे अडीच कोटी डॉलरच्या आसपास पैसा. आणि ममदानी? तेहेतीस वर्षांचा, २०२१ पासून क्वीन्समधल्या एका भागाचा राज्य विधानसभेतला सदस्य, शहरात बाकी कोणाला नाव माहीत नाही, फेब्रुवारीतल्या सर्व्हेमध्ये एक टक्का. आमदार होता म्हणजे पूर्ण बाहेरचा नव्हता हे खरं, पण पक्ष चालवणाऱ्यांच्या हिशोबात तो कुठेच नव्हता.

२४ जून २०२५ ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक, झाली आणि अंतिम मोजणीत ममदानी ५६ टक्के, कुओमो ४४ च्या आत.

आता इथे थांबून नीट बघा, कारण सगळी गंमत इथेच आहे. क्लिंटनचा पाठिंबा होता, पैसा होता, घराणं होतं, पण तिकीट त्यांच्या हातात नव्हतं. तिकीट त्या पक्षाचे मतदार म्हणून नोंद असलेल्या सामान्य लोकांच्या हातात होतं. दुकानवाला, नर्स, टॅक्सीवाला, ज्याने ज्याने डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदवलंय त्याने जाऊन मत दिलं आणि पक्षाचा उमेदवार ठरला. ममदानीची हजारो पोरं दारोदार फिरली ती पक्षाच्या अध्यक्षाला भेटायला नाही, तर या लोकांना भेटायला. नंतर नेत्यांनी काय केलं तेही बघण्यासारखं आहे. हकीम जेफ्रीज, त्याच शहरातले, संसदेतले पक्षाचे नेते, त्यांनी पाठिंबा दिला ऑक्टोबरच्या २४ तारखेला, म्हणजे मुदतपूर्व मतदान सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. सिनेटमधले पक्षाचे नेते चक शूमर, तेही न्यूयॉर्कचेच, यांनी तर शेवटपर्यंत जाहीर केलाच नाही. आणि कुओमो प्रायमरी हरले तर अपक्ष उभे राहिले! म्हणजे पक्षाचा जुना माणूस बंडखोर आणि कालचा पोरगा अधिकृत. ४ नोव्हेंबरला वीस लाखांच्या वर मतदान झालं, १९६९ नंतर पहिल्यांदा एवढं, आणि ममदानी निम्म्याहून जास्त मतं घेऊन महापौर झाला. नेते शेवटपर्यंत आले नाहीत तरी त्याचं काही अडलं नाही, कारण उमेदवारी लोकांनी आधीच देऊन टाकली होती.

प्रायमरीत तिथे पसंतीक्रमाचं मतदान होतं, पाच जणांपर्यंत क्रम लावायचा. ममदानीने ते समजवायला हिंदीत व्हिडिओ केला होता, मँगो लस्सीचे ग्लास मांडून, एकाचे मत बाद झाले की ग्लासातली लस्सी दुसऱ्याकडे कशी ओतली जाते ते दाखवत. तो बघताना मला लगेच आपली विधान परिषदेची पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आठवली, आपण पण तेच करतो की! केंद्रावर गेलं की आयोगाचा जांभळा स्केच पेन हातात देतात, आपला पेन चालत नाही, बरोबरची खूण चालत नाही, नावापुढे १, २, ३ असे आकडे टाकायचे. पदवी घेतलेले लोक असूनही २०२३ ला आपल्या नाशिक विभागात १,२९,६१५ मतांपैकी १२,९९७ मतं बाद झाली. दहातलं एक. आपल्याकडे कोणी लस्सीचे ग्लास मांडून समजावलं नाही हे मला आजही लागतं.

त्या निवडणुकीकडे न्यूयॉर्कनंतर परत बघितलं की फार वेगळी दिसते. काँग्रेसने उमेदवारी दिली होती डॉ. सुधीर तांबेंना, तीन वेळचे आमदार. १२ जानेवारीला, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, त्यांनी अर्ज भरलाच नाही आणि मुलगा सत्यजीत तांबेंनी अपक्ष भरला. मग निलंबन, मग चुकीचे एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद) पाठवल्याचा आरोप, मग मामा बाळासाहेब थोरातांचा विधिमंडळ पक्षनेतेपदाचा राजीनामा, महिनाभर तेच चाललं. भाजपने उमेदवार दिला नाही. महाविकास आघाडीने पाठिंबा दिला धुळ्याच्या शुभांगी पाटील यांना, शिक्षकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या, अपक्ष. निकाल: तांबे ६८,९९९, पाटील ३९,५३४. जिंकायला लागणारा कोटा ५८,३१० चा होता तो पहिल्या पसंतीतच पार झाला म्हणून दुसरी पसंती मोजायची वेळच आली नाही. तेव्हा सगळे पेपर तांबेंच्या बंडाने भरले होते. सत्यजीत तांबेंनी युवक काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, त्यांची तक्रार खोटी होती असं मी म्हणत नाही, पण ज्यांच्या घरात आमदारकी आहे ते बंड करू शकतात, त्यांना ते परवडतं. खऱ्या बाहेरच्या होत्या त्या शुभांगी पाटील. घराणं नाही, स्वतःची यंत्रणा नाही, पाठिंबा ऐनवेळी मिळालेला, आणि नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार, नगर अशा पाच जिल्ह्यांतून जवळपास चाळीस हजार सुशिक्षित लोकांनी त्यांना १ नंबर दिला. या आकड्यावर कोणत्याच पक्षाने विचार केला नाही.

मतदार नवख्याला घाबरतो असं पक्षवाले नेहमी सांगतात ते मला मान्यच नाही. नाशिकने २०१२ ला मनसेचे ४० नगरसेवक दिले, आणि काम दिसलं नाही असं वाटल्यावर २०१७ ला पाचावर आणलं. २०२४ ला दिंडोरीत भास्कर भगरे सर, शाळेतले शिक्षक, केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवारांना एक लाखाच्या वर मतांनी हरवून खासदार झाले. त्यांच्या नावासारख्या नावाचा दुसरा उमेदवार लाखभर मतं घेऊन गेला तरी! लोक तयार असतात. अडतं ते आधी, मतदाराच्या खूप आधी.

ते कुठे अडतं ते डिसेंबर २०२५ च्या तीस तारखेला, महापालिकेचे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, जवळून बघितलं. आमच्या भागातला एक कार्यकर्ता, त्याचं नाव नको आणि पक्षही नको, कारण सगळ्याच पक्षात तेच झालं. कोविडमध्ये ऑक्सिजनसाठी रात्र रात्र फिरलेला, कोणाच्या घरी मयत झालं की अमरधामपर्यंत सगळं बघणारा, पाण्याचा टँकर आला नाही तर लोक नगरसेवकाला नाही याला फोन करतात, आणि नगरसेवक तरी कुठे होते, मार्च २०२२ पासून प्रशासकच होता. मुलाखत झालेली, "तयारीला लाग" असं सांगितलेलं. त्या दिवशी तो सकाळपासून अर्ज भरून, अनामत भरून, सूचक-अनुमोदक सोबत घेऊन विभागीय कार्यालयाच्या बाहेर उभा. फक्त एबी फॉर्म यायचा होता. ए म्हणजे पक्षातर्फे सही कोण करणार त्याचा कागद, बी म्हणजे उमेदवार कोण त्याचा कागद, तीनच्या आत जमा झाला तर चिन्ह, नाहीतर तुम्ही अपक्ष. दोन वाजता फोन लागत होता, उचलत नव्हते. अडीचला बंद. तीनला दहा मिनिटं असताना कळलं की फॉर्म दुसऱ्याला गेला, आणि तो दुसरा कोण तर पंधरा दिवसांपूर्वी समोरच्या पक्षातून आलेला. बायको सोबत होती त्याची. ती एवढंच म्हणाली, "सांगायचं तरी होतं ना आधी." तो काही बोलला नाही, अर्ज मात्र मागे घेतला, मनधरणीला नेते आले तेव्हा. पुढच्या वेळी नक्की, असं त्याला सांगण्यात आलं.

अपक्ष लढ की म्हणणारे खूप होते. पण आता बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक, २०११ च्या जनगणनेने बघितलं तरी सरासरी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार लोकांचा प्रभाग. पक्षाचं पॅनल चौघांचं मिळून फिरतं, चौघांचा खर्च, चौघांचे बूथ, एकच चिन्ह चारही जागांवर. एकट्या माणसाने चिन्ह मिळाल्यापासून दहा-बारा दिवसांत ते घरोघरी कसं पोचवायचं?

मग आपल्याकडे प्रायमरी का नाही? नाही असं नाही, झालेली आहे. २०१४ ला काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत करून बघितली, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. पण मतदान कोणी करायचं तर पदाधिकाऱ्यांनी. वर्ध्यात तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव जिंकले आणि लोकसभेला हरले. लातूरची जागाही गेली. प्रयोग गुंडाळला. माझं म्हणणं आहे तो प्रयोग झालाच नव्हता, ज्यांची पदंच नेत्याच्या हातात आहेत त्यांनी मत नेत्याविरुद्ध कसं द्यायचं?

ग्रुपवर हे लिहिलं तर एका मित्राने, जो स्वतः एका पक्षाचं काम करतो, लगेच अडचण काढली की समोरच्या पक्षाची माणसं सभासद होऊन आपला कच्चा उमेदवार निवडून देतील. अडचण खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये त्यासाठी जूनच्या मतदानाला पक्षनोंदणी बदलायची मुदत फेब्रुवारीतच संपते. आपल्याकडे पण वर्षभर आधीची सभासदाची पावती ज्याच्याकडे त्यालाच मत असं करता येईल. सगळे पक्ष मोबाईलवर लाखो सभासद केले म्हणून सांगतात ना, मग त्या लाखांतल्या आमच्या प्रभागातल्या सभासदांना एका रविवारी शाळेत बोलवा, पेटी ठेवा, जांभळा पेन द्या, आणि इच्छुकांना १, २, ३ आकडे देऊ द्या. सगळ्या शहरात नको, पुढच्या वेळी एकतीसपैकी एका प्रभागात. पक्ष कोणताही असो, जो हे करेल त्याच्यासाठी त्या रविवारी टेबल लावायला मी येतो, आणि आमच्या भागातला तो कार्यकर्ता तिथे हरला तरी त्याची तक्रार नसेल, हे त्याने मला स्वतः सांगितलंय.