ड्रॉपर बाटल्या: काच जमली, आता गाडी रबरापाशी

मंडळी, सीरम आणि तेलांच्या रिकाम्या बाटल्या पुन्हा वापरायचं काम बरंच पुढे सरकलंय. मला त्या हव्यात फाउंटन पेनच्या शाईसाठी: थोडी थोडी शाई वेगळी ठेवायची आणि त्याच ड्रॉपरने कन्व्हर्टर (पेनाच्या आत बसणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी शाईची नळी) भरायचा. आतापर्यंतचा अनुभव असा, की बाटली गुणी असते, छळतो तो ड्रॉपर.

लेबलांवर फार शाई खर्च करत नाही. कागदी असेल तर कोमट पाण्यात भिजवा. प्लॅस्टिकचं असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा द्या, गोंद मऊ झाला की कोपऱ्यापासून अख्खं सोलून येतं. उरलेल्या चिकटावर खायचा सोडा आणि तेल कालवून चोळायचं. काचेवरच छापलेल्या अक्षरांच्या नादी मी लागत नाही.

आतली सफाई मात्र आत काय होतं यावर ठरते. तेलाच्या बाटलीत आधी पाणी ओतू नका. ती नीट निथळू द्या, भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब थेट आत सोडा, बाटली फिरवून साबण सगळीकडे लागू द्या आणि मगच थोडं गरम पाणी घालून खळबळा. सिलिकॉनवाली सीरम जास्त चिवट. त्यातलं डायमेथिकोन पाण्यात विरघळत नाही आणि अल्कोहोललाही फारशी दाद देत नाही, त्यामुळे साबण-गरम पाण्याच्या फेऱ्या मारत राहायचं. झालं की नाही हे डोळ्यांनी कळतं: शेवटचं पाणी ओतून बाटली उजेडात धरा. पाण्याचा पातळ पडदा काचेवर सलग उतरला तर काच स्वच्छ. मध्येच फाटून थेंब-थेंब उभे राहिले तर तिथे अजून तेलकटपणा आहे. जवसाचं तेल आत वाळून त्याचा पोपडा धरला असेल तर साबणाने निघायचं नाही, ती बाटली मी सरळ बाजूला काढतो.

आयोडीनच्या बाटलीत मात्र मजा आली. तपकिरी डागावर व्हिटॅमिन सीची पूड पाण्यात विरघळवून ओतली आणि रंग बघता बघता नाहीसा झाला. आयोडीनचं रंगहीन आयोडाइड होतं, एवढंच. तरी हात आपोआप पुढच्या बाटलीकडे जातो.

काचेचे भाग उकळताना गार पाण्यातच ठेवून मग गॅस पेटवायचा, तळाशी फडकं घालायचं आणि उकळी आल्यावर 10 मिनिटं ठेवायचं. या बाटल्या साध्या काचेच्या असतात, गार काच एकदम उकळत्या पाण्यात टाकली तर तडकते. बाहेरून रंग दिलेल्या बाटल्या उकळू नका, रंग सुटतो.

आता ड्रॉपर. रबर, टोपण आणि नळी वेगळे केल्याशिवाय तो धुतला असं म्हणूच नये, कारण सगळा चिकटा टोपणाच्या आतल्या कडेला, रबर जिथे नळीवर बसतं तिथेच साचतो. धुऊन पुन्हा जोडला की तपासणी: रबर दाबा, नळीचं टोक बोटाने बंद करा आणि दाब सोडा. रबर चेपलेलंच राहिलं तर ठीक. हळूहळू फुगून वर आलं तर कुठून तरी हवा शिरतेय. मग रबर ताणून उजेडात बघा, घडीपाशी केसासारख्या भेगा दिसतील. असं रबर टाकून द्यायचं.

दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर लावणाऱ्यांनी मानेचा आकडा बघावा. 18-400 आणि 18-415 या दोन्हींत 18 म्हणजे मानेचा मिलिमीटरमधला व्यास, पण 415 ची मान उंच असते. तिचं टोपण 400 वर फिरतं, बसल्यासारखं वाटतं आणि बाटली आडवी केली की पाझरतं.

वाळवण्यात घाई नको. नळीच्या निमुळत्या टोकात पाण्याचा थेंब अडकून राहतो, नुसती उभी ठेवून तो पडत नाही. मी शेवटची धुवण डिस्टिल्ड पाण्याची देतो (नळाच्या पाण्याचे पांढरे क्षार असतील तर त्याआधी लिंबूसत्त्व), मग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल नळीत ओढून बाहेर टाकतो. पाणी त्याच्याबरोबर निघून जातं. जंतूंसाठी 70 टक्केवालं जास्त चांगलं, त्यातल्या पाण्यामुळे ते सावकाश उडतं आणि त्याला काम करायला वेळ मिळतो. दोन्ही पेट घेतात, तेव्हा गॅस बंद, खिडकी उघडी. शाई पाण्यावर आधारलेली, बुरशीला आवडणारी, म्हणून एवढा खटाटोप. एका ड्रॉपरला एकच शाई आणि पेनातली उरलेली शाई परत बाटलीत नाही. डोळ्या-कानाच्या औषधांसाठी किंवा पोटात जाणाऱ्या कशासाठीही या बाटल्या मी वापरत नाही.

राहिला रबराचा वास. सोड्याच्या पाण्यात भिजवून सौम्य वास जातात, लवंग तेलाचा काही हटत नाही. तसले ड्रॉपर आता निब धुवायच्या पाण्यासाठी ठेवलेत, तिथे वासाला कोण विचारतंय. शिलाई मशीनच्या तेलासाठी मात्र ते वापरू नका, खनिज तेलात साधं रबर फुगतं. त्यासाठी नायट्राइल रबराचे ड्रॉपर शोधतोय.