काळ्या कुत्र्याचं चित्र

गुंड्याचे माझ्या मोबाइलमध्ये चारशेच्या वर फोटो आहेत आणि त्यातल्या निम्म्यांत तो दिसतच नाही. काळ्या कुत्र्याचा संध्याकाळी घरात काढलेला फोटो म्हणजे अंधारात दोन हिरवे दिवे.

साताऱ्यात पोवई नाक्यावर एका हातगाडीखाली तो सापडला. जुलैचा पाऊस. शर्टाची गुंडी तुटून पडावी तसं ते मुटकुळं, म्हणून गुंड्या. मागचा एक पाय अधू, डावा कान कुणीतरी चावून फाडलेला. "चार दिवस ठेव, मग सोडून ये," आई म्हणाली. ते चार दिवस अकरा वर्षं चालले.

तो गेल्यावर चित्र काढायला बसलो. माझी पुंजी म्हणजे शाळेतल्या एलिमेंटरी परीक्षेची बी ग्रेड. पण सरांचं एक वाक्य डोक्यात होतं: काळं रंगवताना नुसता काळा लावू नका रे, मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळा. मिसळले. निळा जरा जास्तच पडला, आणि जिन्यात ऊन खात पसरलेल्या गुंड्याच्या पाठीवर जी झाक असायची, तीच कागदावर उतरली. मी बराच वेळ ब्रश हातात धरून नुसता बसून राहिलो.

आईनं चित्र लांब धरून पाहिलं. "छान आहे. पण हा शहाणा कुत्रा आहे. आपला नव्हे."

त्या रविवारी संगम माहुलीला गेलो. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, दगडात घडवलेला कुत्राही आहे. शिकारीत त्यानं महाराजांना वाघापासून वाचवलं आणि महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला, असं सांगतात. महाराज गेले 1749 साली. दगड अजून आहे. आमच्या गुंड्यानं कुणाला वाचवलं नाही. दिवाळीत पहिला फटाका वाजला की तो मोरीत, बादलीमागे. जहागिरीचा प्रश्नच नव्हता. पण त्या दगडासमोर मला वाघ काही आठवला नाही. वाटलं, घडवणाऱ्यानं काम दाखवलं तेव्हा कुणी म्हणालं असेल का, "अहो, छान आहे, पण आपल्या खंड्याचा कान असा नव्हता"?

घरी येऊन मी गुंड्याचा डावा कान पुन्हा फाडला. दोनदा कागद खरवडला गेला. मग पुढच्या पायाशी, कोपऱ्यात, अंगठा कुरतडलेली एक चप्पल काढली. एवढ्यासाठी बर्न्ट अंबर संपवला.

आई चष्मा लावून आली. चित्राकडे बघितलं, मग वाकून चपलेकडे.

"डावी," ती म्हणाली. "नेहमी डावीच खायचा मेला."