नेपाळला टीम न्यायची, तर आधी ऐकायचं कसं

सुट्टीत आठ-दहा दिवस नेपाळला जाऊन सेवा करावी, हा विचार आपल्याकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) सहज रुजतो. व्हिसा लागत नाही. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर गाठता येतं, तिथून सोनौलीची सीमा सुमारे शंभर किलोमीटर. लिपीही देवनागरीच. जाणं इतकं सोपं, म्हणून तारीख आधी ठरते, तिकिटं निघतात आणि मग प्रार्थनासभेत ठरलेल्या गोष्टीवर आशीर्वाद मागितला जातो. ठरवण्याआधी देवाचं ऐकायला हवं, म्हणजे हा क्रम उलटा आहे. तो बदलल्याशिवाय बाकीची तयारी कितीही चोख असली तरी उपयोगाची नाही, असं माझं ठाम मत आहे.

प्राचीन अंत्युखिया शहरातल्या मंडळीकडे पाहा (बायबल, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १३). पाच जण उपासना आणि उपास करत असताना पवित्र आत्म्याने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं करायला सांगितलं. आज्ञा स्पष्ट होती, तरी त्यांनी पुन्हा उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले आणि मगच दोघांना पाठवलं. सोळाव्या अध्यायात पौलाला आसिया प्रांतात वचन सांगू दिलं नाही, बिथुनियातही जाऊ दिलं नाही. त्रोवस शहरात रात्री दृष्टान्त झाला तो एकट्या पौलाला, पण देवाने आपल्याला बोलावलं आहे हा निष्कर्ष त्याच्या सोबत्यांनीही मिळून काढला. आणि त्या दृष्टान्तात होतं तरी काय? मासेदोनियाचा एक माणूस ‘इकडे येऊन आम्हाला मदत करा’ अशी विनंती करत होता. पाचारणात बोलावणाऱ्याचा आवाज असतो. नेपाळमधल्या मंडळीने बोलावलेलं नसेल, तर आपण अजून पूर्ण ऐकलेलं नाही.

प्रत्यक्ष ऐकण्यासाठी सहा आठवडे ठेवा, दर आठवड्याला एक संध्याकाळ, दीड तास. टीम पाच-सहा जणांचीच असू द्या. वीस जण गेले की यजमान मंडळीचा सगळा आठवडा स्वयंपाकात आणि झोपण्याची सोय करण्यात जातो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. बायबलमधलं स्तोत्र २५ सावकाश दोनदा मोठ्याने वाचा आणि मग शांत बसा. पहिल्या दोन आठवड्यांत दहा मिनिटं पुरे, पुढे वीस. सुरुवातीला गॅसचा सिलिंडर, मुलांची फी, राहिलेला फोन हेच डोक्यात येणार. त्याच्याशी झगडत बसू नका. जवळ एक वेगळा कागद ठेवा, आठवलेलं काम त्यावर लिहा आणि परत शांत व्हा. चार-पाच कामं कागदावर उतरली की मन बऱ्यापैकी स्थिरावतं.

शांततेनंतर लगेच बोलायचं नाही. आधी प्रत्येकाने तारखेसह लिहायचं, मग वाचून दाखवायचं, आणि टीमच्या पुढाऱ्याने सर्वांत शेवटी वाचायचं. पाळक (पास्टर) किंवा पुढारी आधी बोलले की बाकीच्यांना तेच ‘ऐकू’ येतं, विशेषतः तरुणांना. मोठ्यांसमोर वेगळं बोलण्याचं धाडस आपल्याकडे सहसा होत नाही. लिहिलेलं तीन प्रकारांत वेगळं करा: शास्त्रवचनातून थेट आलेलं, मनाला जाणवलेलं, आणि आपली स्वतःची इच्छा. तिसऱ्यात काही पाप नाही. हिमालय पाहायची इच्छा असेल तर ती तशीच लिहावी. दुसऱ्या नावाखाली लपवली की ती पारखता येत नाही.

‘देवाने मला सांगितलं’ हे वाक्य या सहा आठवड्यांत वापरायचं नाही, असा नियम करा. ते उच्चारलं की चर्चा संपते, कारण देवाशी वाद कोण घालणार? ‘मला असं जाणवलं, तुम्ही पारखून पाहा’ म्हणा. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला तेच लिहिलं: आत्म्याला विझवू नका, संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा आणि चांगलं ते बळकट धरा. डोळे मिटून शास्त्र उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ उत्तर मानायची, हेही टाळा. मागचा-पुढचा संदर्भ काढून टाकला की एखादी ओळ कुठल्याही बेताला होकार देते.

टीमबाहेरचे, स्वतः जाणार नसलेले दोन वडीलधारे यात हवेतच. बाळ शमुवेल देवाचा आवाज ऐकून तीनदा याजक एलीकडे धावला, आणि म्हाताऱ्या एलीलासुद्धा ते तिसऱ्या खेपेलाच उमगलं. ज्यांना या प्रवासातून काही मिळायचं नाही, त्यांनी दर पंधरा दिवसांनी नोंदी वाचाव्यात आणि खोचक प्रश्न विचारावेत. घरून नवऱ्याची किंवा बायकोची संमती मनापासून आहे का? खर्चासाठी कर्ज काढावं लागतंय का? हेच पैसे तिकडच्या मंडळीला दिले तर जास्त काम होईल का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कधीकधी ‘हो’ असतं, आणि तेही देवाचंच उत्तर असू शकतं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस उपास करा. मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी जेवण सोडू नये, त्याऐवजी टीव्ही आणि मोबाइल सोडावा. बाकीच्यांनी पाणी भरपूर प्यावं. सहाव्या आठवड्यापर्यंत कुणाला काहीच जाणवलं नाही असंही होतं. तो नकार नव्हे. शास्त्राशी सुसंगत काम, यजमानांचं बोलावणं आणि त्या दोन वडीलधाऱ्यांची संमती एवढं असेल तर समंजसपणे निर्णय घ्या. उलट, ठरल्यानंतर अचानक मन खचलं, प्रार्थना कोरडी वाटू लागली, तर त्याच अवस्थेत निर्णय फिरवू नका. येशूसंघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांचा हा जुना नियम आहे: उदासीच्या काळात आधीच्या निश्चयाला धरून राहावं. दोन आठवडे थांबा, झोप पुरी करा, मग पुन्हा पाहा.

आता नेपाळबद्दल. १९५१ पर्यंत हा देश बाहेरच्या मिशनकार्याला बंद होता. नेपाळी भाषेतलं संपूर्ण पवित्र शास्त्र मात्र १९१४ मध्येच आलं, दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधान यांच्या कष्टांतून. पुढे नेपाळींनीच नेपाळींना सुवार्ता सांगितली. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या ५,१२,३१३ म्हणजे १.७६ टक्के नोंदली गेली. ही मंडळी आपल्या येण्याची वाट पाहत थांबलेली नाही. तिथे जाणाऱ्याने पाहुण्यासारखं वागावं, शिक्षकासारखं नव्हे.

कायदा प्रत्येकाला तोंडपाठ हवा. २०१५ च्या राज्यघटनेचं कलम २६ दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करणं किंवा त्यासाठी उद्युक्त करणं या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत त्याची देशाबाहेर रवानगी होते. आपल्याला व्हिसा लागत नाही म्हणून हे कलम आपल्याला लागू नाही असं नाही. चौकात पत्रकं वाटून आपण रात्रीच्या बसने निघून जातो, आणि पोलीस दुसऱ्या दिवशी स्थानिक पाळकाच्या दारात उभे राहतात. म्हणून यजमान जे मागतील तेवढंच करा: विश्वासणाऱ्यांना वचनाचं शिक्षण, रविवार शाळेच्या शिक्षकांचा वर्ग, छप्पर किंवा भिंतीचं काम. तिथल्या विश्वासणाऱ्यांचे फोटो, नावं, गावं फेसबुकवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका, परत आल्यावरसुद्धा नाही.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. प्रौढांना फक्त आधार कार्ड चालत नाही, आणि नेमकी तिथेच टीम अडकते. मंडळीच्या न्यासाचे पैसे भारताबाहेर खर्च केले तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या रकमेला आयकराची सूट मिळत नाही. प्रत्येकाने आपला खर्च स्वतः करावा आणि न्यासाचा पैसा काढण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचारावं. जून ते सप्टेंबर टाळा, नारायणगढ ते मुग्लिन या रस्त्यावर दरडी कोसळतात. दशैं आणि तिहार या सणांच्या दिवसांत लोक गावी जातात, बसमध्ये जागा मिळत नाही. तिहार आपल्या दिवाळीच्याच सुमारास येतो, तेव्हा दिवाळीची सुट्टी यासाठी सहसा सोयीची नाही. मार्च-एप्रिल उत्तम.

तिथे मुख्य उपासना शनिवारी असते, कारण साप्ताहिक सुट्टी शनिवारची. भेटल्यावर ‘जयमसीह’ म्हणायचं. चपला बाहेर काढायच्या, बहुतेक ठिकाणी जमिनीवर बसायचं, स्त्रिया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या. संदेश वीस मिनिटांचा तयार केला तर दुभाष्यासह चाळीस होतो, म्हणून मुद्दे निम्मे करा आणि एकेक वाक्य पूर्ण करून थांबा. तराईत (दक्षिणेकडच्या सपाट भागात) हिंदी चालते, पण डोंगराळ भागातल्या वयस्कर बायांना ती कळेलच असं धरू नका. शास्त्रपाठ नेपाळीतून वाचण्याचा सराव घरीच करा. लिपी येतेच, आठवडाभर रोज पंधरा मिनिटं दिली तरी उच्चार बरे होतात. आणि मुंबई-पुण्यात वॉचमनला सर्रास ‘बहादूर’ म्हणण्याची सवय इथेच सोडून जा. २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच भारत-नेपाळ सीमेवर झालेली नाकेबंदी, जिचा दोष तिथले लोक भारताला देतात, तिथे कुणी विसरलेलं नाही. तो विषय निघाला तर बाजू मांडू नका, ऐका.

ऐकण्याचा नियम प्रवासातही मोडू नये. सकाळी अर्धा तास शांतता, रात्री वीस मिनिटं दोनच प्रश्न: आज देव कुठे काम करताना दिसला, आणि आज मी कुठून पळू पाहत होतो. कुणी एकट्याला गाठून मुलाच्या शिक्षणासाठी पैसे मागितले तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. दयेपोटी दिलेल्या त्या नोटेमुळे मंडळीत दोन गट पडतात. मदत द्यायचीच असेल तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या सभेत, सगळ्यांसमोर, पावतीसह द्या.

परतल्यावर तीन महिन्यांनी यजमान पाळकांना फोन करा आणि विचारा: आमच्या येण्याने तुमचं कोणतं काम अडलं, आम्ही दिलेलं कोणतं वचन पाळायचं राहिलं, पुढच्या वर्षी आम्ही यावं का? नाते जुने नसेल तर पहिल्या फोनवर ते संकोचाने ‘सगळं छान झालं’ म्हणतील. महिन्याभराने पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरं नोंदवहीत लिहा, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या संध्याकाळी स्तोत्र २५ च्या आधी ती मोठ्याने वाचा.